शिडीनं वर, दोरीनं खाली

“पण ताई, दोरीनं छाती किती इंच वाढते?”

संग्रामनं हे विचारलं तेव्हा वत्सलाताई साबणे दोर तपासत होत्या. छताच्या तुळईला बांधलेला सुती दोर, अंगठ्याएवढा जाड, वीस फूट लांब. त्या तो दोन्ही तळव्यांतून बोटाबोटानं सरकवत होत्या. कुठे पीळ सुटलाय का, ते पाहत होत्या.

“कधी मोजली नाही,” त्या म्हणाल्या.

“बघा! हेच तर माझं म्हणणं आहे.”

संग्राम पिसाळ साताऱ्यातल्या एका मोठ्या जिमचा मुख्य प्रशिक्षक होता. वय एकोणतीस, छाती सेहेचाळीस. जमिनीवरचा एकशे ऐंशी किलोंचा बार तो कमरेपर्यंत उचलायचा आणि तिथून तसाच सोडून द्यायचा. तो दणका खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला रोज ऐकू जायचा.

वत्सलाताईंचं वय बहात्तर. काठीसारखा ताठ देह, डोक्यावर छोटासा पांढरा अंबाडा. पेठेतल्या जुन्या व्यायामशाळेत चाळीस वर्षं त्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत आल्या होत्या. दोरावर चढायचं, दोरातच हातपाय गुंतवायचे आणि हवेत आसनं करायची, अशी ती विद्या.

“आमच्याकडे कसं आहे,” संग्राम म्हणाला, “आज ऐंशी किलो. पुढच्या आठवड्यात ब्याऐंशी. माणूस पुढे गेला की मागे पडला, लगेच कळतं. दोरीला प्लेट लावता येत नाही. ती काल होती तेवढीच आजही.”

“खरं आहे.”

“आणि आमच्याकडे खांद्याला वेगळं मशीन, पाठीला वेगळं, मांडीला वेगळं. दोरीत सगळं एकदम. म्हणजे कशालाच धड न्याय नाही.”

“असेलही तसं.”

संग्राम घुटमळला. तो वाद घालायच्या तयारीनं आला होता. समोरून कुणी अडवेना, तेव्हा त्याचं बोलणंच अडखळलं.

ताईंनी दोर सोडला. दोर जरासा हलला आणि थांबला.

“मग इकडे कसा आलास?”

संग्रामनं मुठी मिटल्या.

मग त्यानं दोन्ही तळवे उघडे केले. तळव्यांवर बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत दोन गुलाबी पट्टे होते. कातडी सोलवटून पुन्हा धरलेली.

*

झालं होतं ते असं.

गेल्या वर्षी संग्राम अग्निशमन दलाच्या भरतीला गेला होता. धावण्यात तो तिसरा आला. पन्नास किलोंचा पुतळा खांद्यावर टाकून पळण्यात पहिला. शेवटी राहिली दोरी.

त्यानं दोरी पाहिली आणि तो हसला. एकशे ऐंशी किलो उचलणाऱ्याला स्वतःचे ब्याण्णव किलो ते काय?

नुसत्या हातांच्या बळावर तो सपासप वर गेला. पंधरा फुटांवर हात भरून आले. वर जाववेना, खाली यावेना. खाली दोनशे उमेदवार तोंड वर करून बघत होते. कुणीतरी शिट्टी वाजवली. तेवढ्यात बोटं सुटली आणि तो घसरत जमिनीवर येऊन बसला, तळव्यांची कातडी दोराला ठेवून.

“आठ आठवड्यांनी पुन्हा भरती आहे,” तो म्हणाला. “वयाच्या अटीनं शेवटची संधी.”

“जिममध्ये चांगलं चाललंय ना तुझं?”

“चांगलं चाललंय.”

“मग?”

संग्रामनं खाली पाहिलं.

“ताई, मी दिवसभर लोकांचे दंड मोठे करतो. ते आरशात बघतात आणि घरी जातात. मलापण आरसाच आहे समोर… एकदा तरी खरंच कुणाला तरी खांद्यावर घेऊन बाहेर काढायचंय.”

ताईंनी त्याच्या तळव्यांवरचे पट्टे बोटानं चाचपले.

“उद्या पाच वाजता ये,” त्या म्हणाल्या. “बूट घालून येऊ नकोस.”

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तो आला, तेव्हा दोराशेजारी शिडी उभी होती. लांब, बांबूची. वरचं टोक तुळईला बांधलेलं, आणि खाली जाड गादी.

“चढ,” ताई म्हणाल्या.

संग्रामनं हाताला राळेची पूड चोळली आणि दोर धरला.

“दोरीनं नाही. शिडीनं.”

“ताई, मी दोरी चढायला शिकायला आलोय.”

“हो. म्हणूनच शिडी.”

शाळा सुटल्यावर आलेल्या पंधरा-सोळा मुली भिंतीकडेला पाय ताणत बसल्या होत्या. त्यातल्या दोघींनी ओढणीत तोंड लपवलं. संग्रामचे कान तापले. एवढा मोठा गडी, घराला रंग द्यायला आल्यासारखा शिडीवर चढणार!

क्षणभर त्याला वाटलं, निघून जावं… पण तळवे आठवले.

तो शिडीनं वर गेला. तुळईपाशी पोचला, हात लांबवून दोर धरला, पाय शिडीवरून काढले आणि दोराला मिठी मारून लटकला.

“आता खाली ये,” ताई म्हणाल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

सुरुवातीचे बारा फूट तो कसाबसा हातांवर आला. पुढचे आठ फूट सरकत आला आणि गादीवर आदळला. तळवे पुन्हा चुरचुरले.

“वर जाताना माणसाला घाई असते,” ताई म्हणाल्या, “ते समजतं. खाली येताना कसली होती?”

संग्राम तळव्यांवर फुंकर घालत राहिला.

मग ताई त्याच्या पायाशी बसल्या. दोर त्याच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात घातला. दुसऱ्या पायाचा तळवा त्यावर ठेवला आणि दाबला.

“वजन इथं दे.”

“एवढ्याशा बेचक्यात? ब्याण्णव किलो?”

“तुझे हात मोठे आहेत, म्हणून तू सगळं त्यांनाच सांगतोस. पायांना कधी विचारलंस?”

“पण हात सैल सोडले तर पडेन.”

“सोडू नकोस. नुसती आवळलेली मूठ हलकी कर.”

संग्राम पुन्हा शिडीनं वर गेला. वर दोर धरून तो थांबला. त्याचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता.

“घाबरलास?”

“नाही.”

“मी घाबरते,” ताई खालून म्हणाल्या. “म्हणून पाय नीट लावते.”

वर त्याचा एक पाय दोर चाचपू लागला.

*

बारा दिवस हेच चाललं. शिडीनं वर, दोरीनं खाली.

चौथ्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला, सातव्या दिवशी तो फुटला. आठव्या दिवशी संग्राम संपूर्ण दोर उतरला आणि तळव्यांना काही झालं नाही. मुली आता हसत नव्हत्या. त्यातली एक, मृण्मयी नावाची, त्याला पायाच्या चुका दाखवायला लागली होती. “दादा, टाच वळली तुमची.” आणि तो निमूटपणे टाच सरळ करायचा.

दहाव्या दिवशी उतरताना तो मध्येच थांबला. हात सैल होते, पायांनी दोर धरला होता. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची कड दिसत होती आणि तिच्यावर उतरतं ऊन होतं. खाली ताई कुणाला तरी रागावत होत्या. त्याला एकदम जाणवलं की आपण पंधरा फुटांवर आहोत आणि आपल्याला काही होत नाहीये.

तो तिथं उगाचच थोडा वेळ थांबला. बरं वाटत होतं.

त्या आठवड्यात जिममध्येही एक गोष्ट घडली. त्यानं एकशे चाळीस किलोंचा बार उचलला आणि सवयीनं सोडणार होता, पण हातांनी तो सोडला नाही. त्यानं बार सावकाश खाली नेला आणि जमिनीला टेकवला. एकशे ऐंशी उचलणाऱ्या माणसाला एकशे चाळीस खाली ठेवताना घाम फुटला.

वर्षानुवर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, ‘खाली आणताना सावकाश.’ सांगत आला होता, एवढंच.

संध्याकाळी चष्मेवाला वर आला. “आज सुट्टी होती का तुम्हाला? काही आवाजच नाही.”

*

तेराव्या दिवशी शिडी नव्हती.

“ताई, शिडी?”

“गणेशोत्सव मंडळाची होती. घेऊन गेले.”

“मग वर कसा जाऊ?”

ताईंनी फक्त दोराकडे पाहिलं.

संग्रामनं दोर धरला. हातांनी ओढ घेतली, पायांनी दोर पकडला, शरीर वर आलं. पुन्हा ओढ. पुन्हा पकड. मध्ये एकदाही घाई न करता त्यानं तुळईला हात लावला. हात भरून आले नव्हते, कारण आता ते एकटे नव्हते. मग जसा वर गेला तसाच खाली आला आणि गादीवर पाय टेकवले.

ताई पुढे आल्या. फणस चाचपावा तसा त्यांनी त्याचा दंड दाबून पाहिला.

“माझ्या मुलींना इतकी ओढ यायला दोन वर्षं लागतात,” त्या म्हणाल्या. “ही कुठून आणलीस?”

संग्राम लाजला. “लोखंडातून, ताई.”

“चांगलं लोखंड आहे.”

एवढंच बोलून त्या मुलींकडे वळल्या. संग्राम मात्र तिथंच उभा राहिला. दहा वर्षांत त्याला ढाली मिळाल्या होत्या, पट्टे मिळाले होते. पण इतका हलका तो कधी झाला नव्हता.

*

भरतीच्या दिवशी मैदानावर ऊन होतं. संग्राम वर गेला, घंटेला हात लावला आणि उतरू लागला.

“लवकर!” खालून अधिकारी ओरडले. “घड्याळ चालू आहे!”

त्याला ऐकू आलं. पण पाय आपल्याच चालीनं उतरत राहिले.

जमिनीवर आल्यावर अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. वेळेत चार सेकंद शिल्लक होते. मग त्यांनी त्याचे हात उलटे करून पाहिले. नवा ओरखडा नव्हता.

“कुठे शिकलास उतरायला?” त्यांनी विचारलं. “चढायचं कुठे शिकलास, असं नाही विचारत मी.”

यादी लागली तेव्हा त्याचं नाव सहावं होतं. हजर व्हायला दोन महिने होते.

*

पेढ्यांचा पुडा घेऊन तो व्यायामशाळेत पोचला, तेव्हा मुली अजून आल्या नव्हत्या. ताई एकट्याच गादी दोराखाली ओढत होत्या. गादी हलत नव्हती. त्यांनी पुन्हा ओढली. मग त्या गादीवरच बसल्या आणि उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं.

संग्राम धावला. “ताई! काय झालं?”

“काही नाही. जुनं आहे.”

“किती जुनं?”

“दोन वर्षं. पायरीवरून पडले, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत.” त्या शांतपणे सांगत होत्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. “म्हणाले, दोरी बंद.”

संग्रामच्या हातात पुडा तसाच राहिला. त्याच्या आता लक्षात आलं. गेल्या दोन महिन्यांत त्यानं ताईंना एकदाही दोरावर पाहिलं नव्हतं. सगळं त्यांनी जमिनीवर उभं राहून शिकवलं होतं.

“औषध काय दिलं?”

“गोळ्या. आणि…”

ताई दोराकडे बघत राहिल्या.

“आणि काय, ताई?”

“आणि वजनं उचला म्हणाले. हळूहळू, कुणा जाणकाराच्या देखरेखीखाली. त्यानं हाडं टिकतील.”

“मग उचलली नाहीत?”

“चाळीस वर्षं मी मुलींना सांगत आले, लोखंडाच्या नादी लागू नका, अंग आखडतं.” त्या किंचित हसल्या. “आता कुठल्या तोंडानं जाऊ? लाज वाटली. दोन वर्षं ती लाजच धरून बसले.”

बाहेर मुलींच्या चपलांचे आवाज येऊ लागले.

“तू त्या दिवशी शिडीवर चढलास,” ताई म्हणाल्या, “एवढ्या मुलींसमोर. मी खालून बघत होते. वाटलं, हा चढू शकतो तर…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “तुझ्या जिममध्ये बायका येतात का रे?”

“येतात.”

“सत्तरीच्या?”

“उद्यापासून येतील,” संग्राम म्हणाला, आणि पुडा उघडून त्यांच्यापुढे धरला.

ताईंनी पेढा घेतला. डाव्या हातानं घेतला, मग आठवण झाल्यासारखा उजव्या हातात घेतला आणि खाल्ला.

*

संग्रामनं आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. काय चालेल, काय नाही, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताई आल्या. पांढरा सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायांत नवे कोरे बूट. जिममधलं गाणं चालू होतं, ते त्यानं बंद केलं. दोघे-तिघे गडी आपल्या जागी थबकून बघू लागले.

पहिल्या दिवशी त्यानं त्यांच्या हातात नुसती लाकडी काठी दिली.

“पाठ सरळ. कमरेतून वाका. गुडघे जरा सैल.”

“वजन?”

“आज काठीच.”

ताईंनी भुवया उंचावल्या. मग त्या वाकल्या, उठल्या. पुन्हा वाकल्या. संग्राम शेजारी उभा राहून बघत होता. इतकं नीट ऐकणारा शिष्य त्याला आजवर मिळाला नव्हता. एकदा सांगितलेली चूक दुसऱ्यांदा होत नव्हती.

पुढच्या आठवड्यात दोन किलो आले. मग चार. पाचव्या आठवड्यात एका उंच स्टुलावर ठेवलेलं, किटलीसारखी कडी असलेलं आठ किलोंचं लोखंडी वजन त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, दहापर्यंत धरलं आणि परत ठेवलं. ठेवताना स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही. छातीचा व्यायाम करणारा एक गडी उठून बसला. त्यानं आपल्या हातातल्या डंबेल्सकडे बघितलं आणि ते अलगद खाली ठेवले.

त्या संध्याकाळी संग्राम व्यायामशाळेत दोरीला गेला, तेव्हा मृण्मयीनं त्याला गुपित सांगितलं. “दादा, आज ताईंनी गादी एकटीनं ओढली. आम्हाला हात लावू दिला नाही.”

त्या दिवशी दोर चढताना त्याच्या तोंडून चक्क शीळ निघत होती.

*

हजर व्हायला आठवडा उरला. त्या सकाळी ताईंचे सगळे सेट झाले होते. त्या बाकावर बसून पाणी पीत होत्या. चेहरा लाल झाला होता आणि अंबाडा सैल होऊन मानेवर आला होता.

संग्राम त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. बरेच दिवस त्याच्या मनात होतं. दल त्याला घेऊन जाण्याआधी विचारून घ्यायचं होतं.

“ताई.”

“हं?”

“मी लोखंडातून दोरीकडे आलो. तुम्ही दोरीतून लोखंडाकडे आलात. आता आपल्या दोघांनाही दोन्ही माहीत आहेत.”

“हं.”

“मग खरं सांगा… मोठं काय? दोरी की लोखंड?”

आसपासचे गडी थांबले. एकानं धावण्याचं मशीन बंद केलं. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

ताईंनी बाटलीचं झाकण लावलं. ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं. मग उजवा हात समोर धरून मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. जणू कुणा दुसऱ्याचाच हात तपासत होत्या.

संग्राम वाट पाहत होता…

ताई उठल्या. बूट काढून चपला घातल्या, बुटांची पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी गेल्या आणि वळल्या.

“उद्या किती वाजता येऊ, सर?”